शेला तागडीत घालण्यापूर्वी

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की मागे राहिलेल्या ट्रंका उघडतात. दागिन्यांची गुंजेगुंजेची वाटणी होते. पण तळाशी ठेवलेला लग्नातला शेला मात्र ‘जुनेर’ ठरतो. मग दारावर जुनी जरी घेणारा येतो. तो शेला तागडीत टाकतो, हातावर पैसे ठेवतो, आणि पुढे तो जाळून त्यातली चांदी काढली जाते. तुमच्याकडे असा शेला असेल तर जरा थांबा. आधी तो नीट ओळखा.

खिडकीच्या उजेडात तो उलटा पसरा. पैठणच्या जुन्या विणीत पदरावरचं पान न् पान हातानं विणलेलं असतं. जितके रंग, तितक्या रेशमाच्या छोट्या कांड्या. एक रंग संपला की त्याचा धागा शेजारच्या रंगात अडकवून मागे वळवायचा. त्यामुळे सुलट आणि उलट बाजू जवळजवळ सारख्याच दिसतात. मागे सुटे धागे लोंबत असले किंवा कापल्याच्या खुणा असल्या, तर नक्षी जकार्डवरची समजावी. हातविणीत दोन फुलं तंतोतंत एकसारखी नसतात, आणि मला तर त्यातच गंमत वाटते! फुलावेलींच्या या नक्षीला असावली म्हणतात. थोरल्या माधवराव पेशव्यांनी पैठणहून असावलीचे दुपट्टे मागवले होते, एवढा तिचा लौकिक!

आता जरी. खरी जरी म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. मुलामा झिजला की खाली पांढरी चांदी दिसते, दमट हवेत ती काळवंडते. म्हणून काळी पडलेली जरी खोटीच, असं मुळीच समजू नका. नकली जरीत तार तांब्याची असते, ती झिजल्यावर लालसर दिसते. प्लॅस्टिकची जरी ज्योतीजवळ नेताच आक्रसते. रेशमाची शंका असेल तर काठाचा एखादा सुटा धागा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटानं चुरडली गेली, तर रेशीम. कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. (हे मुलं आसपास नसताना करा, बाई!)

किंमत सांगताना जरीवाला फक्त चांदी मोजतो; विणकराचे महिने तो मोजत नाही. जुन्या कापडांचा जाणकार आधी वीण पाहील, मग रंग, मग घडीवर रेशीम चिरलंय का ते. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून हातविणीची चौकशी करणारेही वाढलेत. तेव्हा एकाच्या बोलण्यावर सौदा करू नका, दोन-तीन ठिकाणी दाखवा. फाटका असला तरी पदर आणि काठ कामाचे असतात.

ठेवायचाच असेल तर धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा. प्लॅस्टिकची पिशवी नको, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका, अत्तर तर लांबच ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला. आणि हो, एका चिठ्ठीवर कुणाच्या लग्नातला, कुठल्या साली घेतलेला, ते लिहून घडीजवळ ठेवा. घरात ते सांगणारं माणूस आहे, तोवरच विचारून घ्या.