शेतकरी संस्थांची संकेतस्थळे : काही उपयुक्त साधने व सूचना

शेतकरी उत्पादक कंपन्या, विविध कार्यकारी सोसायट्या व ग्रामपंचायती यांपैकी अनेकांनी आता स्वतःची संकेतस्थळे सुरू केली आहेत. परंतु संकेतस्थळ निघाले म्हणजे ते शेतकऱ्यांच्या उपयोगी पडलेच, असे मात्र नव्हे. ते तयार करणारा मनुष्य सावलीत, मोठ्या पडद्यापुढे, जलद जोडणीवर बसलेला असतो. ते वापरणारा शेतकरी बांधावर उन्हात उभा असतो. त्याच्या हातात वीतभर फोन असतो आणि जोडणी येत-जात असते. या दोन परिस्थितींतील अंतर लक्षात न घेतल्यामुळेच पुष्कळशी संकेतस्थळे निरुपयोगी ठरतात.

सर्वांत अधिक नुकसान करणारा दोष दिसावयास अगदी क्षुल्लक असतो. तो म्हणजे बाजारभावाच्या तक्त्यावर तारीख नसणे. तीन आठवड्यांपूर्वीचा भाव आजचा समजून एखाद्याने टेम्पो भरून माल नेला, तर भाड्याचा भुर्दंड त्यालाच सोसावा लागतो. यास्तव प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर दिनांक, बाजाराचे नाव व परिमाण स्पष्ट लिहावे. भाव क्विंटलचा की किलोचा हे वाचणाऱ्याच्या तर्कावर सोडू नये. रोज भाव भरणे संस्थेला शक्य नसेल, तर तक्ता काढून टाकणेच बरे. शिळी माहिती ही माहिती नसण्याहून घातक असते.

दुसरा प्रश्न पानाच्या वजनाचा. फोनवर काढलेले छायाचित्र सहज ४ मेगाबाइटचे असते. सेकंदाला १ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर तेवढे एकच छायाचित्र उतरण्यास सुमारे ३२ सेकंद लागतात. तेच लहान करून १५० किलोबाइटवर आणले, तर सव्वा सेकंद पुरतो. फोनच्या पडद्यावर पाहणाऱ्याला दोहोंतील फरक बहुधा कळतही नाही. छायाचित्रे लहान करण्यासाठी ‘स्क्वूश’ हे विनामूल्य साधन ब्राउझरमध्येच चालते. पहिल्या पानावर सभारंभाची दहा-बारा छायाचित्रे सरकत ठेवण्याची हौस पुष्कळ संस्थांना असते. तिचा खर्च मात्र वाचणाऱ्याच्या डेटामधून जातो.

पान कितपत जड आहे हे पाहण्यासाठी क्रोम ब्राउझरमधील ‘लाइटहाउस’ हे साधन वापरावे. संगणकावर एफ-१२ ही कळ दाबली असता ते सापडते. वेग, सुगम्यता वगैरे बाबींना ते शंभरपैकी गुण देते व दोषांची यादी पुढे ठेवते. तेथेच ‘नेटवर्क’ या भागात जोडणी मुद्दाम मंद करून पान कसे उघडते हेही पाहता येते. संकेतस्थळ ताब्यात घेण्यापूर्वी ही परीक्षा समोर बसून करवून घ्यावी. मात्र गुण चांगले पडले म्हणजे काम झाले, असे समजू नये. शिळा भाव लाइटहाउसला ओळखता येत नाही.

उन्हात अक्षरे वाचता येण्यासाठी ती व पार्श्वभूमी यांच्या उजळपणात पुरेसा फरक हवा. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५ : १ ठरविले आहे. पांढऱ्यावर फिकट करडी किंवा पिवळी अक्षरे या कसोटीस उतरत नाहीत. ‘वेव्ह’ हे साधन असे दोष पानावरच खूण करून दाखविते.

मराठी मजकुराविषयी विशेष दक्षता घ्यावी लागते. जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या फोनवर निरर्थक रोमन चिन्हांसारखा दिसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करूनच घालावा. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीचा त्यात समावेश आहे. सबब आज त्यासाठी कोणतीही सबब उरलेली नाही. पानाच्या संहितेत भाषा ‘मराठी’ अशी नोंदविण्यासही सांगावे. तशी नोंद असल्यास, सोय असलेले टंक ‘ल’ व ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाने दाखवितात आणि अंध वाचकांसाठी पान वाचणारे साधन योग्य उच्चार निवडू शकते. सूचना कागदावर छापून तिचे चित्र चढविणे ही पद्धत सर्वथा टाळावी. ते चित्र लहान पडद्यावर वाचता येत नाही, शोधात सापडत नाही व अंध मनुष्याला ऐकता येत नाही.

अर्जाच्या पानावर तर चुकीची किंमत मुदतीने मोजावी लागते. फोनवर मराठी कळफलक असणारा शेतकरी आपला क्रमांक देवनागरी अंकांत लिहितो. रोमन अंकांचीच अपेक्षा ठेवून लिहिलेला अर्ज तो नाकारतो व नुसते ‘अवैध नोंद’ असे दाखवितो. शेवटच्या दिवशी रात्री बसलेल्या माणसाला यातून काय उमगावे? दोन्ही प्रकारचे अंक स्वीकारून आतल्या आत बदलून घेणे संकेतस्थळ तयार करणाऱ्यास अवघड नाही. चूक कोठे झाली ते त्या रकान्यापाशीच सोप्या मराठीत सांगावे व भरलेले बाकीचे रकाने पुसले जाऊ नयेत. सातबारा, आठ-अ, बँकेचे पासबुक यांपैकी काय काय लागेल, हे अर्ज उघडण्यापूर्वीच लिहावे. नाहीतर शेतकरी कपाटातून उतारा शोधून आणीपर्यंत पानाची वेळ संपते आणि सारे पुन्हा आरंभापासून भरावे लागते.

या सर्व साधनांहून भरवशाची कसोटी ग्रामसेवकाच्या हाती आहे. उपयोगसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली असे मांडले की, पाच माणसांकडून वापरून पाहिल्यास सुमारे ८५ टक्के दोष उघडकीस येतात, आणि पंधरा जणांची एकदाच परीक्षा घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन परीक्षा, मधल्या काळात दुरुस्ती करून, घेणे अधिक फलदायी ठरते. गावातील पाच जण निवडताना एखादी बचत गटातील भगिनी, एखादे वयस्क शेतकरी व फोन नुकताच घेतलेला कोणी असावा. “सोयाबीनचा आजचा भाव काढून दाखवा,” एवढेच सांगावे आणि गप्प बसावे. बोट कोठे अडते, कोणते बटण दोनदा दाबले जाते, कोणत्या शब्दापाशी माणूस थबकतो, हे वहीत टिपावे. मदत करण्याचा मोह फार होतो. पण मदत केली की परीक्षा तेथेच संपली.

दुरुस्तीनंतर आणखी एक काम उरते. संकेतस्थळाचे नाव ठरावीक मुदतीसाठीच मिळते. ते तयार करून देणाऱ्याच्या खाजगी ईमेलवर नोंदविलेले असेल, तर नूतनीकरणाची आठवण त्यालाच जाते, संस्थेला नाही. मुदत टळली की ते नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. म्हणून नाव संस्थेच्या ईमेलवर नोंदवून घ्यावे, नूतनीकरणाचा दिनांक संस्थेच्या दप्तरी लिहावा, व परवलीचे शब्द सचिव आणि अध्यक्ष या दोघांकडे सुरक्षित असावेत.