रांगेतला शेवटचा नंबर

वीसेक फुटांची मोटरबोट घेऊन मिसिसिपीवर फिरायला निघालेल्या हौशी माणसाला या नदीची रीत लॉकच्या, म्हणजे बोटींना वरखाली नेणाऱ्या पाण्याच्या बंदिस्त हौदाच्या, दाराशी कळते. काँक्रीटच्या लांबलचक भिंतीच्या टोकाला एक दोरी लोंबत असते. ती ओढली की आतल्या कर्मचाऱ्यांना वर्दी जाते. रेडिओ असेल तर बहुतेक ठिकाणी चॅनल १४ वर बोलायचं आणि मग दिव्याकडे बघत थांबायचं. क्रम नियमानेच बांधून दिला आहे. आधी लष्करी जहाजं, मग टपालाची, मग प्रवासी बोटी, त्यामागे मालाचे तांडे, मग मासेमारीवाले आणि सगळ्यांत शेवटी हौशी मंडळी.

या शेवटच्या नंबराबद्दल कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात. पण ज्या पाण्यावर ते तरंगत असतात, ते पाणी मालासाठीच अडवलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकात मिनियापोलिस ते सेंट लुईस हा पट्टा उन्हाळ्यात ठिकठिकाणी इतका उथळ व्हायचा की वाफेच्या बोटी वाळूत रुतून बसायच्या. १८७८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिथे साडेचार फूट खोलीचा मार्ग मंजूर केला, १९०७ मध्ये सहा फुटांचा. त्यासाठी काठापासून प्रवाहाच्या आत दगड आणि झाडांच्या फांद्यांचे थर रचून बांध घातले गेले. त्यांना विंग डॅम म्हणतात. पाणी मधल्या अरुंद वाटेने जोरात वाहावं आणि तळाची वाळू त्यानेच खरवडून न्यावी, ही योजना होती. तेवढ्याने भागलं नाही. १९३० मध्ये नऊ फुटांच्या मार्गाला मंजुरी मिळाली आणि पुढच्या दहा वर्षांत लष्कराच्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने बहुतेक धरणं उभी केली. एकूण २९ लॉक झाले. मिनियापोलिसपासून सेंट लुईसपर्यंतचा सुमारे ४२० फुटांचा उतार नदी आता पायरीपायरीने उतरते.

कोयना-जायकवाडीच्या हिशेबाने या धरणांकडे पाहू नये. पूर अडवणं किंवा पाटाला पाणी सोडणं त्यांच्याकडे नाही. बार्जना, म्हणजे मालाच्या पडावांना, चालायला नऊ फूट खोल पाणी राहावं, एवढ्यासाठी ती आहेत. मात्र त्यांच्यामागे पाणी पसरलं, बेटं आणि उपप्रवाह भरले आणि मैलोन्‌मैल संथ जलाशय तयार झाले. तोवर मिलवॉकीच्या ओले एव्हिन्रूड यांनी १९०९ पासून बोटीच्या मागे अडकवायचं सुटसुटीत इंजिन बाजारात आणलं होतं. साध्या पगारदाराच्या आवाक्यातलं इंजिन आधीच होतं, त्याला आता बारमाही खोल पाणीही मिळालं. शनिवार-रविवारची नदीसफर ही या दोहोंच्या मेळातून आली.

लॉकच्या आत गेल्यावर छोटी बोट आणखीच छोटी वाटते. नेहमीचं लॉक ११० फूट रुंद आणि ६०० फूट लांब. भिंती शेवाळाने बुळबुळीत. वरून कर्मचारी दोर सोडतो; तो हातात धरायचा, बोटीला बांधायचा नाही. पाणी उतरू लागल्यावर बांधलेली बोट भिंतीला टांगली जाईल. इथे पंप नाहीत. भिंतीतल्या बोगद्यांच्या झडपा उघडल्या की पाणी आपल्या वजनानेच आत येतं किंवा बाहेर जातं. हातातला दोर हळूहळू सोडत राहायचं. बघता बघता ओल्या भिंती डोक्यावर जातात, पुढची दारं उघडतात आणि बोट खालच्या पातळीवर बाहेर पडते. आयोवातल्या किओकक इथे ही उतरण्याची उंची ३८ फुटांच्या आसपास आहे. या सगळ्याचे हौशी बोटीला पैसे पडत नाहीत.

आता पुढे असणाऱ्या मालाच्या तांड्याकडे बघू. तीन-तीनच्या पाच रांगा, म्हणजे पंधरा बार्ज एकमेकांना पोलादी दोरांनी आवळलेले आणि त्यांना मागून ढकलणारी एक बोट. प्रत्येक बार्ज १९५ फूट लांब, ३५ फूट रुंद, पोटात सुमारे दीड हजार टन मका किंवा सोयाबीन. तीन बार्जची रुंदी होते १०५ फूट; ११० फुटी लॉकमध्ये दोन्ही बाजूंना मिळून पाच फूट उरतात. लांबीत तर तांडा मावतच नाही. म्हणून पहिले नऊ बार्ज सोडवून आधी पलीकडे काढतात, लॉक पुन्हा भरतात आणि मग उरलेले सहा बार्ज बोटीसकट नेतात. यात दीड-दोन तास सहज जातात. १,२०० फुटी लॉक असतं तर एकाच खेपेत काम झालं असतं. तशी काही नवी लॉक बांधायला काँग्रेसने २००७ मध्ये परवानगी दिली. त्यातून मका लवकर निघेल आणि मागे ताटकळणाऱ्या हौशी बोटीचाही वेळ वाचेल.

नदीत समोरून असा तांडा आला तर वाट सोडायची ती आपणच. भरलेला तांडा थांबायला मैलभर अंतर घेऊ शकतो आणि सुकाणूवरच्या माणसाला पहिल्या बार्जच्या पुढचं कित्येकशे फूट पाणी दिसतच नाही.

तांड्याला वाट द्यायची म्हणून फार काठाला जावं, तर तिथे विंग डॅम बसलेले. धरणांनी पातळी चढवल्यावर ते पाण्याखाली गेले, मोडले मात्र नाहीत. जाणता माणूस पृष्ठभाग वाचतो. काठापासून आत येणारी चुरचुरीत लाटांची रेघ, तिच्या खालच्या अंगाला घोळणारं पाणी, अशी खूण दिसली की वेग कमी करायचा. नवखा माणूस सरळ जातो आणि पंखा दगडावर आपटतो. छोट्या इंजिनात पंखा धरून ठेवणारी एक मऊ धातूची पिन मुद्दाम अशी बनवलेली असते की धक्का बसला तर तीच तुटावी आणि गिअर वाचावा. म्हणून अनुभवी लोक दोन-चार पिना आणि पक्कड खिशात ठेवतात. वाट सुरक्षित ठेवायला तरंगत्या खुणा आहेतच. प्रवाहाविरुद्ध जाताना लाल उजवीकडे, हिरवी डावीकडे. मैलांचा हिशेब ओहायो नदी मिळते त्या कैरोपासून शून्य धरून होतो.

वाटेत पेपिन सरोवर लागतं. चिपेवा नदीने आणलेल्या गाळाने मिसिसिपी तुंबून ते नैसर्गिकरीत्याच झालं. लांबी वीस मैलांच्या वर. १९२२ मध्ये याच पाण्यावर, लेक सिटी गावात, राल्फ सॅम्युएलसन यांनी बोटीमागे फळ्यांवर उभं राहून वॉटर स्कीइंगची सुरुवात केली. १३ जुलै १८९० रोजी इथेच वादळात ‘सी विंग’ ही सहलीची बोट उलटली आणि ९८ माणसं बुडाली. उघड्या पाण्यावर वारा मोकळा सुटतो. दुपारी ढग दाटले की शहाणी माणसं पेपिन ओलांडत नाहीत.

पैशाचा हिशेबही बघावा. मालवाहू बोटी डिझेलच्या प्रत्येक गॅलनमागे २९ सेंट कर भरतात आणि तो लॉकच्या बांधणी-दुरुस्तीच्या मोठ्या कामांत वापरला जातो. हौशी बोटींवर हा कर नाही. त्यांची करमणूक मालाच्या पाहुणचारावर चालते आणि यजमान उठून गेला तर काय होतं, हे मिनियापोलिसने पाहिलं आहे. २०१४ च्या एका कायद्याने अप्पर सेंट अँथनी फॉल्स लॉकला अट घातली. मागच्या पाच वर्षांत तिथून गेलेल्या मालाची वार्षिक सरासरी १५ लाख टनांच्या वर नसेल, तर लॉक बंद करायचं. वर चढू पाहणाऱ्या परदेशी कार्प माशांना अडवण्याचं कारण त्यामागे होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण टाकलेली अट टनांची होती. माल तेवढा नव्हताच. जून २०१५ मध्ये लॉक बंद झालं. पाठोपाठ त्याच्या खालच्या लॉकचंही पुढे काय करायचं, याचा अभ्यास कोअरने हाती घेतला. त्या वादात हौशी बोटीवाल्यांची बाजू लंगडी पडते, कारण मोजण्याचं माप टन आहे आणि त्यांच्याकडे टन नाहीत. आज सेंट अँथनीच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला जायचं असेल, तर बोट ट्रेलरवर चढवून गाडीने वळसा घालावा लागतो.