१६ डिसेंबर १९७१ : देश तुटल्याचा दिवस पाकिस्तान कसा आठवतो?

मे २०२४ मध्ये तुरुंगात असलेल्या इम्रान खान यांच्या एक्स अकाउंटवर एक पोस्ट आली. प्रत्येक पाकिस्तान्याने हमुदूर रहमान आयोगाचा अहवाल वाचावा आणि खरा गद्दार जनरल याह्या खान की शेख मुजीबुर रहमान, हे समजून घ्यावं, असं त्यात म्हटलं होतं. तपास यंत्रणा एफआयएने लगेच चौकशी सुरू केली. पन्नास वर्षांपूर्वीच्या युद्धाचा उल्लेख आजही एवढा का झोंबतो?

नेमकं काय घडलं होतं?

१९७० च्या निवडणुकीत मुजीब यांच्या अवामी लीगने ३०० पैकी १६० जागा जिंकल्या. या सगळ्या जागा पूर्व पाकिस्तानातल्या होत्या. स्पष्ट बहुमत मिळालं, पण सत्ता मिळाली नाही. उलट २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कराने ढाक्यात कारवाई सुरू केली. जवळपास एक कोटी लोक भारतात आश्रयाला आले. डिसेंबरमध्ये युद्ध पेटलं आणि १६ तारखेला जनरल नियाझी यांनी शरणागतीवर सही केली. सुमारे ९३ हजार जण युद्धकैदी झाले.

एक तारीख, वेगवेगळ्या आठवणी

भारतात हा ‘विजय दिवस’, बांगलादेशात ‘बिजॉय दिबोश’. पाकिस्तानात मात्र ‘सुकूत-ए-ढाका’, म्हणजे ढाक्याचा पाडाव. या नावातून शत्रूने शहर जिंकल्याचं कळतं, पण देशातले बहुसंख्य लोकच वेगळे का झाले, हे कळत नाही. शालेय पुस्तकांतही बराच काळ भर राहिला तो भारताच्या कटावर.

२०१४ मध्ये याच तारखेला पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर दहशतवादी हल्ला झाला. १४० हून अधिक जण मारले गेले, त्यात बहुतांश मुलं होती. तेव्हापासून या दिवसाला दुसऱ्या दुःखाचीही किनार आहे.

कुलूपबंद अहवाल

युद्ध संपताच भुट्टो यांनी चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होते सरन्यायाधीश हमुदूर रहमान, जे स्वतः बंगाली होते. आयोगाने बड्या लष्करी अधिकाऱ्यांवर खटले चालवायची शिफारस केली. एकही खटला चालला नाही आणि अहवाल बंद राहिला. २००० मध्ये ‘इंडिया टुडे’ने त्यातला भाग छापल्यावरच पाकिस्तानने काही भाग खुला केला.

मृतांचा आकडाही वादात आहे. लष्कराच्या हिशेबावरून अहवालाने सुमारे २६ हजार मृत्यू नोंदवले, तर बांगलादेशचा अधिकृत आकडा ३० लाख आहे. २००२ मध्ये मुशर्रफ यांनी ढाका भेटीत खेद व्यक्त केला, पण बांगलादेशला हवी होती ती औपचारिक माफी.

मग पराभव कोणाचा?

नोव्हेंबर २०२२ मध्ये निवृत्तीच्या तोंडावर लष्करप्रमुख जनरल बाजवा म्हणाले, १९७१ चं अपयश लष्करी नव्हे, राजकीय होतं. पण त्या वेळी देशाची सत्ता लष्करशहा याह्या खान यांच्याच हाती होती.

इम्रान यांच्या पोस्टचं गांभीर्य इथे कळतं. फेब्रुवारी २०२४ च्या निवडणुकीत आपला कौल चोरल्याचा त्यांच्या पक्षाचा आरोप होता. म्हणजे वाद फक्त इतिहासाचा नव्हता. निवडणूक जिंकणाऱ्याला सत्ता मिळणार की नाही, हे कोण ठरवतं? १९७१ ची आठवण निघाली की पाकिस्तानात हाच प्रश्न पुन्हा समोर येतो.