गोवर, फुप्फुसे आणि 'अ' जीवनसत्त्व

आमच्या बालविभागात येणारे पालक पुष्कळदा 'मुलाला ताकदीची बाटली लिहून द्या' असा आग्रह धरतात, आणि काही देणगीदारही अशा बाटल्या वाटण्यासाठी निधी देऊ करतात. या दोहोंमागील सद्भावनेचा आदर राखून, श्वसनमार्गाच्या विषाणुसंसर्गात जीवनसत्त्वाचा उपयोग नेमका कोठे सिद्ध झाला आहे, हे येथे सांगणे उचित वाटते.

गोवर हा पुरळाचा आजार म्हणून परिचित असला, तरी त्याचा विषाणू श्वासावाटे शरीरात शिरतो, आणि गोवरात दगावणारी बालके बहुधा न्यूमोनियाने दगावतात. श्वासनलिकेतील श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी आणि तो श्लेष्मा जंतूंसह बाहेर लोटणारे सूक्ष्म केस सुस्थितीत राहण्यासाठी 'अ' जीवनसत्त्व लागते. ते उणे पडले की त्या जागी कोरड्या, कातडीसारख्या पेशी येतात. रक्तातील संरक्षक पेशींचा प्रतिकारही मंदावतो. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे, तर या जीवनसत्त्वाची ठेव यकृतात असते. गोवरात उचल एकाएकी वाढते आणि भूक मंदावल्याने भरणा थांबतो. ठेव मुळातच तुटपुंजी असेल, तर फुप्फुसांबरोबर बालकाची दृष्टीही धोक्यात येते.

हे केवळ अनुमान नव्हे. 1932 मध्ये लंडनमध्ये डॉ. एलिसन यांनी गोवराच्या 600 बालकांपैकी निम्म्यांना हे जीवनसत्त्व दिले. त्यांत 11 मृत्यू झाले, उरलेल्या निम्म्यांत 26. ही नोंद पुढे जवळजवळ विस्मृतीत गेली. 1986 मध्ये डॉ. आल्फ्रेड सॉमर व सहकाऱ्यांनी इंडोनेशियातील आचे प्रांतात, हे जीवनसत्त्व मिळालेल्या गावांत बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याचे दाखविले. 1990 मध्ये केप टाउन येथील गोवराच्या 189 बालकांच्या चाचणीत मात्रा मिळालेल्यांपैकी 2, तर न मिळालेल्यांपैकी 10 दगावली.

'ड' जीवनसत्त्वाबाबत इतका भक्कम पुरावा नाही, हेही नमूद करावयास हवे. 2017 मधील एकत्रित विश्लेषणात सर्दी-खोकल्यापासून थोडे संरक्षण दिसले होते. 2025 च्या अधिक व्यापक विश्लेषणात ते ठामपणे टिकले नाही.

आपल्या देशात 'अ' जीवनसत्त्वाची राष्ट्रीय योजना 1970 पासून आहे. तिचा मूळ हेतू अंधत्व टाळणे हा होता. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लसीसोबत 1 लाख एकक, पुढे पाचव्या वर्षापर्यंत ठरावीक अंतराने 2 लाख एककांच्या मात्रा, अशा एकूण नऊ मात्रा विनामूल्य मिळतात. 2022 मध्ये मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ आली, तेव्हा लसीकरणाबरोबर याही मात्रा देण्यात आल्या. लसीची जागा मात्र ही मात्रा घेऊ शकत नाही.

गोवर झालेल्या बालकास वयानुसार सलग दोन दिवस दोन मात्रा देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी. हे जीवनसत्त्व शरीरात साठत असल्याने अतिरेक बाधतो, आणि गर्भवतींनी मोठ्या मात्रा टाळाव्यात. घरी शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पिकलेली पपई यांचा उपयोग होतो. पालेभाजीस तेलाची फोडणी असली तर उत्तम, कारण स्निग्धांशाविना हे जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. बालकास रुग्णालयात आणताना लसीकरणाचे कार्ड सोबत आणावे. राहिलेली मात्रा त्यावरूनच कळते.