सायकलचा पॉवर मीटर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सायकलस्वार पेडल मारताना किती शक्ती लावतो, हे पॉवर मीटर वॅटमध्ये दाखवतो. जर्मन अभियंता उलरिश शोबरर यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रँकमध्ये बसणारा मीटर विकसित केला आणि त्यांच्या 'एसआरएम' कंपनीमुळे तो व्यावसायिक संघांपर्यंत पोहोचला. पुढे एकाच क्रँकआर्मवर बसणारे आणि पेडलमधले मीटर आले, किमती उतरल्या आणि हौशी स्वारही तो वापरू लागले. सायकलचा वेग वारा आणि चढावर अवलंबून असतो, तर नाडीचे ठोके ऊन, झोप आणि थकव्यानुसार बदलतात. वॅटचा आकडा मात्र पायांनी प्रत्यक्ष केलेल्या कामाचा असतो. तो आकडा कसा मिळतो आणि त्यातून काय कळते, याविषयी बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : मीटर वॅट थेट मोजतो.

वस्तुस्थिती : मीटरमधले स्ट्रेन गेज दाबाखाली धातूला येणारा अतिसूक्ष्म ताण टिपतात. त्यावरून टॉर्क काढला जातो आणि टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणले की शक्ती मिळते. त्यामुळे २०० वॅट अनेक प्रकारे निर्माण होऊ शकतात. मिनिटाला ६० फेऱ्यांनी पेडल मारताना त्यासाठी सुमारे ३२ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, तर १०० फेऱ्यांना सुमारे १९ पुरतो. आकडा एकच असला तरी स्नायूंवरचा भार वेगळा असतो. म्हणून वॅटसोबत केडन्स, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्याही पाहाव्या लागतात.

गैरसमज : सर्व मीटर सारखाच आकडा दाखवतात.

वस्तुस्थिती : शक्ती कुठे मोजली जाते यावर आकडा ठरतो. पेडल, क्रँकआर्म आणि स्पायडर (क्रँकला चेनरिंग जोडणारा भाग) यांवरचे मीटर चेनच्या आधी मोजतात, तर मागच्या चाकाच्या हबमधला मीटर चेननंतर. चेन, दातचक्रे आणि डिरेलर यांच्या घर्षणात चांगल्या अवस्थेतही साधारण दोन ते चार टक्के शक्ती खर्ची पडते. त्यामुळे हबचा आकडा तेवढा कमी असतो आणि चेन मळकी असेल तर तफावत वाढते. घरातल्या स्मार्ट ट्रेनरचा आकडा आणि रस्त्यावरच्या मीटरचा आकडा जुळत नाहीत, त्यामागे हेही एक कारण आहे. अंडाकृती चेनरिंग वापरल्यास आणखी एक अडचण येते. काही मीटर पूर्ण फेरीत कोनीय वेग सारखाच आहे असे गृहीत धरतात आणि अशा चेनरिंगवर ते शक्ती फुगवून दाखवतात.

गैरसमज : एकाच पायाचे माप घेणारा मीटर निरुपयोगी असतो.

वस्तुस्थिती : डाव्या क्रँकआर्मवरचा मीटर डाव्या पायाची शक्ती मोजून तिची दुप्पट करतो. एखाद्याचा डावा पाय ४८ आणि उजवा ५२ टक्के काम करत असेल, तर खऱ्या २५० वॅटच्या जागी २४० दिसतात. ही तफावत कायम राहिली तर सरावाचे नियोजन बिघडत नाही, कारण चाचणी आणि सराव एकाच मापाने होतात. दोन्ही पायांतला वाटा थकव्याने किंवा जोर वाढल्यावर बदलू लागला की मात्र आकडा दिशाभूल करतो. पायाच्या दुखापतीतून सावरणाऱ्याला दोन्ही बाजूंचे माप घेणारी पेडले अधिक उपयोगी पडतात. स्पायडरवरचा मीटर एकूण शक्ती नीट मोजतो. डाव्या-उजव्याची विभागणी मात्र तो अंदाजाने दाखवतो, कारण एक पाय खाली दाबत असताना दुसरा किती ओढतो हे त्याला वेगळे कळत नाही.

गैरसमज : जितका महाग, तितका उपयोगी.

वस्तुस्थिती : उत्पादक सहसा एक ते दोन टक्के अचूकतेचा दावा करतात. २५० वॅटवर हा फरक अडीच ते पाच वॅटचा होतो, आणि तेवढा चढउतार झोप किंवा जेवणाने एका दिवसात होऊ शकतो. सरावासाठी सातत्य अधिक मोलाचे आहे. नेहमी तीन टक्के कमी दाखवणारा मीटर चालतो. आज दोन टक्के जास्त आणि उद्या तीन टक्के कमी दाखवणारा चालत नाही. निवड करताना सायकलही पाहावी लागते. दोन-तीन सायकली असतील तर पेडलमधला मीटर सहज एकीवरून दुसरीवर नेता येतो. क्रँकवरचा मीटर घेताना बॉटम ब्रॅकेटचा प्रकार आणि फ्रेममधली मोकळी जागा तपासावी लागते. खडकाळ वाटांवर पेडल दगडाला आपटते, म्हणून माउंटन बाइकसाठी स्पायडर अधिक सुरक्षित.

गैरसमज : एकदा बसवला की लक्ष द्यावे लागत नाही.

वस्तुस्थिती : तापमान बदलले की धातू प्रसरण किंवा आकुंचन पावतो आणि शून्याची जागा सरकते. बरेच मीटर हा परिणाम आपोआप दुरुस्त करतात. तरीही वातानुकूलित खोलीतून उन्हात आणलेली सायकल काही वेळ बाहेरच्या हवेत ठेवून मग झिरो ऑफसेट घेणे हिताचे असते. त्या वेळी पेडलवर पाय नसावा आणि क्रँक उत्पादकाने सांगितलेल्या स्थितीत असावा. पेडल घट्ट बसवलेले नसले तरी आकडे भरकटतात. आणखी एक नेहमीची चूक क्रँकच्या लांबीची. प्रत्यक्षात १७० मिलिमीटरचा क्रँक असताना सेटिंगमध्ये १७५ राहिले, तर पेडलमधला मीटर जवळपास तीन टक्के जास्त दाखवतो.

झिरो ऑफसेटने फक्त शून्य जागेवर येते. भार वाढल्यावर आकडा योग्य प्रमाणात वाढतो का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मागचे चाक अडवून क्रँक आडवा धरतात आणि पेडलला माहीत असलेले वजन टांगतात. १७२.५ मिलिमीटरच्या क्रँकवर २० किलो टांगले तर सुमारे ३३.८ न्यूटन-मीटर टॉर्क दिसायला हवा.

गैरसमज : सरासरी वॅटवरून श्रम कळतात.

वस्तुस्थिती : एका स्वाराने अर्धा तास सलग २०० वॅट लावले. दुसऱ्याने पाच मिनिटे ३०० आणि पाच मिनिटे १०० असा क्रम तेवढाच वेळ ठेवला. दोघांची सरासरी २००, पण दुसऱ्याचे शरीर बरेच अधिक शिणते. हा फरक दाखवण्यासाठी अँड्र्यू कॉगन यांनी 'नॉर्मलाइज्ड पॉवर' हे माप मांडले. त्यात ३० सेकंदांच्या सरकत्या सरासरीचा चौथा घात घेतात, त्या सर्वांची सरासरी काढतात आणि शेवटी चौथे मूळ घेतात. दुसऱ्या स्वारासाठी हा आकडा २५० च्या आसपास येतो.

गैरसमज : वीस मिनिटांच्या चाचणीचे ९५ टक्के म्हणजे नेमका एफटीपी.

वस्तुस्थिती : एफटीपी म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी कमाल शक्ती. ९५ टक्के हा सोयीचा अंदाज आहे आणि प्रमाण व्यक्तीगणिक बदलते. हंटर अॅलन आणि कॉगन यांच्या मूळ पद्धतीत वीस मिनिटांच्या आधी पाच मिनिटांचा पूर्ण जोराचा टप्पा असतो. तो गाळला की ताज्या पायांनी आलेला आकडा फुगतो, आणि त्यावर बेतलेला प्रत्येक सराव झेपण्यापेक्षा जड होतो. सराव वाढला किंवा खंडला की एफटीपी बदलतो, म्हणून चाचणी ठरावीक काळाने पुन्हा घ्यावी लागते.

गैरसमज : पॉवर मीटर आल्यावर नाडी पाहण्याची गरज नाही.

वस्तुस्थिती : वॅट बाहेर पडलेले काम दाखवतात, नाडी त्यासाठी शरीराने मोजलेली किंमत. वॅट तेच असताना उन्हात किंवा लांब राइडच्या उत्तरार्धात ठोके वाढत गेले, तर पाण्याची कमतरता, उष्णता किंवा थकवा यांचा संशय घ्यावा. काही आठवड्यांच्या सरावानंतर तेच वॅट कमी ठोक्यांत निघू लागले, तर दमसास वाढला असे समजावे.

गैरसमज : प्रति किलो वॅट जास्त, त्याचाच विजय.

वस्तुस्थिती : हे गणित चढावर बरेचसे लागू पडते. स्वार आणि सायकल मिळून ७८ किलो असतील, तर सहा टक्के चढावर ताशी १५ किलोमीटरसाठी केवळ गुरुत्वाविरुद्ध सुमारे १९० वॅट लागतात. सपाटीवर मुख्य अडथळा हवेचा. हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग दहा टक्के वाढवायला सुमारे ३३ टक्के जादा शक्ती लागते. तिथे एकूण वॅट आणि अंग किती आक्रसून बसता येते, या गोष्टी वजनापेक्षा महत्त्वाच्या ठरतात.

गैरसमज : शर्यतीत ठरवलेला आकडा अखेरपर्यंत धरून ठेवावा.

वस्तुस्थिती : एकट्याच्या घड्याळी शर्यतीतही चढावर आणि समोरच्या वाऱ्यात सरासरीपेक्षा थोडी जास्त, उतारावर कमी शक्ती लावणे फायद्याचे असते, कारण संथ टप्प्यांवर वेळ अधिक जातो. पुणे ते गोवा 'डेक्कन क्लिफहँगर'सारख्या सहाशे किलोमीटरांहून लांब शर्यतीत मीटरचा मुख्य उपयोग मर्यादा पाळण्यासाठी होतो. सुरुवातीच्या उत्साहात २५० वॅट सोपे वाटतात आणि त्यांचा भुर्दंड रात्री भरावा लागतो. घोळक्याच्या शर्यतीत मात्र निर्णायक हल्ल्याला आकडा पाहून उत्तर देता येत नाही. मागे राहिले तर इतरांच्या आडोशाचा फायदा जातो. तिथे मीटरची नोंद शर्यतीनंतर कामी येते : किती वेळा, किती सेकंदांसाठी आणि किती वॅटने उसळावे लागले हे कळले की पुढचा सराव त्यानुसार आखता येतो.