पेण-रोह्याचे ‘काजी’

पेण-रोहा परिसरातल्या बेने इस्रायल समाजात धर्मविधी करणाऱ्याला ‘काजी’ म्हणत. धर्म यहुदी, बोली मराठी, पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावे गावांवरून पडलेली. पदाचे नाव मात्र अरबी.

अरबीत काझी म्हणजे न्यायनिवाडा करणारा. दख्खनच्या सुलतानांच्या अमलात तो सरकारी न्यायाधीशच होता. तंटे सोडवणे आणि निकाह लावणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे असत. धर्म आणि निवाडा एकाच माणसाच्या हाती, हे चित्र कोकणातल्या खेड्यांच्या रोजच्या पाहण्यातले. बेने इस्रायलांचा काजीही लग्ने लावी, मुलांची सुंता करी आणि मुकादम, चौगुला या कारभाऱ्यांसोबत बसून जमातीतली भांडणे मिटवी. शब्द उसना असला तरी कामाला चपखल बसला. तो एकटाही आला नाही: याच समाजात प्रार्थनामंदिराला ‘मशीद’ म्हणत आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने आजही ‘मलिदा’ हा विधी करतात.

परंपरा सांगते, की दाविद रहाबी या बाहेरून आलेल्या यहुदी गृहस्थांनी तीन घराण्यांतले तरुण निवडून त्यांना हिब्रू आणि विधी शिकवले. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ही ती घराणी. काजीपद त्यांच्यात वंशपरंपरेने चालले. रहाबींचा काळ काही जण मध्ययुगात नेतात, काही अठराव्या शतकात आणतात. मात्र हे काजी म्हणजे रब्बी नव्हेत. हिब्रूत ‘रब्बी’ म्हणजे ‘माझे गुरू’. ते स्थान धर्मशास्त्राच्या अभ्यासाने मिळते, जन्माने नाही. कोकणात असे रब्बी नव्हतेच. यहुद्यांमध्ये जन्माने पुरोहित ठरतात ते ‘कोहेन’, आरोनचे वंशज. काजी त्यांच्यातलेही नव्हते.

पुढे 1796 मध्ये समाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, बांधले. एकोणिसाव्या शतकात रेवदंडा, अलिबाग, पनवेल आणि पेण येथेही सिनेगॉगे उभी राहिली. पेणचे 1863 मधले. घरोघरी होणारी प्रार्थना आता एका वास्तूत, छापील हिब्रू पोथीवरून होऊ लागली आणि ती सुरात म्हणणारा माणूस लागला. तो ‘हज्जान’. या हिब्रू शब्दाचा जुना अर्थ देखरेख करणारा, सिनेगॉगची व्यवस्था पाहणारा. प्रार्थना चालवणारा हा अर्थ मागाहून आला. सुरुवातीचे बरेच हज्जान कोचीनहून आले. सिनेगॉगांच्या समित्या स्थिरावल्या तसे निवाड्याचे काम त्यांच्याकडे गेले, विधी हज्जानांकडे गेले आणि काजींचे वंशपरंपरागत पद मागे पडले.