बॉक्स पुन्हा उतरवण्याआधी

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पनवेल सोडलं की चौक गावापर्यंत ऑटोमॅटिक गाडीची खरी परीक्षा होतच नाही. रस्ता जवळपास सपाट, डाव्या हाताला इर्शाळगडाचा सुळका, फाट्यावर कर्जतकडे वळणाऱ्या गाड्यांची गर्दी. गिअर आपोआप पडत राहतात आणि गाडी ठणठणीत वाटते. खालापूर, खोपोली मागे पडून बोरघाट लागला की मात्र सगळं उघडं पडतं. खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची थोडक्या किलोमीटरांत चढायची असते. याच डोंगरात रेल्वेमार्गाची चढण ३७ ला १ आहे आणि पुण्याकडे जाणाऱ्या कित्येक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. नुकताच खोलून बांधलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कितपत नीट बांधला गेलाय, हे या चढावर कळतं.

तक्रारी ठरलेल्या असतात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन एकदम ओरडतं, आरपीएमचा काटा वर उडतो आणि मग धाडकन गिअर बसतो. रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही. सकाळी थंड गाडी छान चालते, पण घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळापर्यंत पोचेस्तोवर घसरायला लागते. आणि प्रत्येक तक्रारीच्या शेवटी मालकाचं एकच वाक्य: आत्ताच तर बॉक्स करून घेतला!

अशा वेळी मालकाचा आणि बऱ्याचदा मेकॅनिकचाही पहिला निष्कर्ष असतो की काम बिघडलंय, बॉक्स पुन्हा उतरवा. कधीकधी ते खरंही असतं. पण बॉक्स उतरवणं ही तपासाची शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. न उतरवता जे कळू शकतं ते आधी कळून घेतलं नाही, तर दुसऱ्यांदा बांधलेल्या बॉक्सलाही तीच खोड राहते आणि मालक एकाच दुखण्याचे पैसे दोनदा मोजतो. बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत हा खर्च लाखाच्या घरात जातो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. आपल्याकडे क्लच पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला सरसकट ऑटोमॅटिक म्हणतात. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ एएमटी घेऊन आली आणि ऑटोमॅटिक गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पण एएमटीत आतला गिअरबॉक्स नेहमीचाच, मॅन्युअल. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. सीव्हीटीत दोन पुल्या आणि एक पोलादी पट्टा असतो, तर डीसीटीत दोन क्लच. इथे विषय आहे तो जुन्या घराण्याचा, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनाची ताकद तेलातून बॉक्सकडे पोचवणारा) ऑटोमॅटिक. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ‘हायड्रामॅटिक’ बाजारात आणला तेव्हापासून या बॉक्सचा कणा फारसा बदललेला नाही: ग्रहमालेसारखे फिरणारे गिअर, त्यांना धरणारे-सोडणारे क्लच, आणि या सगळ्याला हुकूम देणारा तेलाचा दाब.

तेलापासूनच सुरुवात करायची ती म्हणूनच. या बॉक्समध्ये तेल फक्त वंगण नसतं. क्लच दाबून धरणारा हात तोच. पातळी कमी झाली की चढावर तेल मागे सरकतं, पंप हवा ओढतो आणि हवेच्या बुडबुड्यांनी क्लच घट्ट दाबला जात नाही. गंमत म्हणजे तेल जास्त झालं तरी लक्षणं जवळपास तीच, कारण फिरते भाग ते घुसळून त्याचा फेस करतात. आजच्या कित्येक गाड्यांत डिपस्टिकच नसते. गाडी समतल उभी करून, इंजिन चालू ठेवून, तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या तापमानाला आल्यावर (टोयोटाच्या अनेक बॉक्सना साधारण ३५ ते ४५ अंश) खालचा प्लग उघडायचा आणि तेलाची बारीक धार थांबत आली की बंद करायचा. घाईत हे काम अंदाजाने होतं. लिटरभर तेल कमी पडलं की पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं.

तेल कुठलं भरलं हेही तितकंच महत्त्वाचं. लाल दिसलं म्हणजे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, झालं असं नव्हे. क्लचच्या प्लेटवरचं अस्तर कागदाच्या लगद्यासारख्या तंतूंचं असतं, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्या अस्तराची पकड आणि तेलातली रसायनं एकमेकांना जुळवलेली असतात. चुकीच्या तेलात नवी कोरी प्लेटसुद्धा थरथरते. पाणी तर या अस्तराचं वैरीच, कारण अस्तर चिकटवणारा गोंद पाण्याने सुटतो. रेडिएटरमधला कूलर आतून फुटला की कूलंट तेलात मिसळतं आणि तेल गुलाबी, दुधाळ होतं. जुलै २०२१ मध्ये महाडला पुराचं पाणी शिरलं, तशा पुरात बुडालेल्या गाडीच्या बॉक्समध्ये ब्रीदरच्या भोकातूनही पाणी जाऊ शकतं. जुनी गाडी घेताना, आणि तिचा बॉक्स बांधायला देताना, हा इतिहास विचारलाच पाहिजे.

तेल ठीक असेल तर स्कॅनर. इथे नव्याने बांधलेल्या बॉक्सची खास अडचण येते. ट्रान्समिशनचा कॉम्प्युटर रोज शिकत असतो. जुने क्लच झिजले, तसतशी प्लेटांमधली फट वाढली. ती भरून काढायला त्याने वर्षानुवर्षं तेल जास्त वेळ, जास्त दाबाने पाठवायची सवय लावून घेतली. आता प्लेटा नव्या, फट मापात, पण कॉम्प्युटरच्या डोक्यात अजून म्हातारा बॉक्सच आहे. परिणाम: प्रत्येक गिअरला झटका. मालकाला वाटतं बॉक्स कडक बांधलाय. खरं तर जुन्या नोंदी स्कॅनरने पुसून गाडीला पुन्हा शिकवावं लागतं. त्यासाठी ठराविक तेलतापमानावर, हलक्या पायाने, प्रत्येक गिअर वर-खाली अनेकदा पडू द्यावा लागतो. बऱ्याच गाड्यांत नुसती बॅटरी काढून हे होत नाही. चौक ते खालापूरचा रस्ता रहदारी नसलेल्या वेळी या शिकवणीला चांगला; घाट नंतर.

यानंतरचा भाग सगळ्यात रोचक आहे आणि दुर्दैवाने सगळ्यात दुर्लक्षित. कुठल्या गिअरला कुठला क्लच काम करतो याचा प्रत्येक बॉक्सचा एक तक्ता असतो. उदाहरण म्हणून झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा गिअरचा 'सिक्स-एचपी' घ्या. तो २००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये आला. फ्रेंच अभियंता पिअर लपेलतिए यांच्या रचनेवर तो बेतलेला आहे आणि ऐसिन कंपनीच्या अनेक सहा-गिअर बॉक्सांतही तीच रचना सापडते. त्यात धरणारे-सोडणारे घटक फक्त पाच: ए, बी, सी, डी, ई. कुठल्याही गिअरला यातले दोन कामाला लागतात. ए पहिल्यापासून चौथ्यापर्यंत. ई चौथ्या, पाचव्या, सहाव्याला. सी दुसऱ्या आणि सहाव्याला. डी पहिल्याला आणि रिव्हर्सला. आणि बी तिसऱ्या, पाचव्याला आणि रिव्हर्सला.

आता वरच्या तक्रारी पुन्हा वाचा. गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ओरडते आणि रिव्हर्सही उशिरा पडतो. ड्रायव्हरच्या दृष्टीने ही दोन वेगळी दुखणी. तक्त्यावर दोघांचा धागा एकच, बी क्लच. मग नीट विचारायचं: चौथ्यातून पाचव्यात जाताना कसं? तिथेही काटा उडत असेल, तर संशय पक्का होत जातो. बी क्लचच्या पिस्टनचं सील बसवताना कापलं गेलं असेल, ड्रमकडे तेल नेणाऱ्या रिंगा गळत असतील, प्लेटांची फट मोजायची राहिली असेल. उलट पाचवा आणि रिव्हर्स निर्दोष असतील आणि फक्त दुसरा-तिसरा बिघडत असेल, तर क्लच बहुधा ठीक आहे. मग दोष एक सोडून दुसरा धरण्याच्या वेळेत, म्हणजे शिकवणीत, तेलाच्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सोलेनॉइडमध्ये किंवा वॉल्व्ह बॉडीत शोधायचा. नवा क्लच उशिरा धरला की इंजिन ओरडतं, जुना सुटण्याआधीच धरला की दोघं एकमेकांना अडवतात आणि झटका बसतो. कागदावरच्या या दहा मिनिटांच्या कामाने बॉक्स उतरवायचा की नाही, आणि उतरवलाच तर नेमकं कुठे बघायचं, हे ठरतं.

कधीकधी गुन्हेगार अगदी किरकोळ निघतो. याच सिक्स-एचपीमध्ये वॉल्व्ह बॉडी आणि कवच यांच्यामध्ये तेलाच्या वाटा जोडणारा एक रबरी सील असतो. वर्षांनी तो कडक होतो आणि दाब भलतीकडे गळतो. बॉक्स बांधताना सगळे क्लच नवे टाकले आणि हा तुकडा जुनाच राहू दिला, तर तक्रार जशीच्या तशी राहते. फिल्टरच्या मानेवरच्या ओ-रिंगचंही तसंच. ती नीट बसली नाही की पंप हवा ओढतो आणि चढावर बारीक शिटीसारखा आवाज येतो. दोन्ही गोष्टींना अख्खा बॉक्स उतरवावा लागत नाही, खालचं पॅन उघडलं की पुरतं.

गरम झाल्यावरच बिघडणाऱ्या गाडीला गेज लावून दाब मोजायला हवा, थंड असताना एकदा आणि घाटाइतकी तापल्यावर एकदा. गरम तेल पातळ होतं, गळती वाढते, म्हणून थंड असताना लपलेली फट तेव्हा दिसते. स्टॉल टेस्ट नावाची आणखी एक चाचणी असते: ब्रेक पूर्ण दाबून, गिअर ‘डी’वर (ड्राइव्ह) ठेवून क्षणभर पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा आणि आरपीएम कुठे थांबतो ते पाहायचं. पण टॉर्क कन्व्हर्टरमधली सारी ताकद त्या वेळी उष्णतेत जाते. पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, गाडीसमोर कुणी उभं नाही, आणि कंपनीने परवानगी दिली असेल तरच. घरच्या अंगणात करायचा हा प्रयोग नव्हे.

सगळा दोष बॉक्सचाच असतो असंही नाही. इंजिनाची माउंटिंग तुटली असेल तर डी टाकताक्षणी धप्प आवाज येतो आणि खापर बॉक्सवर फुटतं. इग्निशन कॉइल ताणाखाली दगा देत असेल तर गाडी चढावर हुंदके देते. फरक ओळखायला काट्याकडे बघायचं: घसरणाऱ्या बॉक्समध्ये आरपीएम वाढतो आणि वेग वाढत नाही; मिसफायरमध्ये आरपीएम उडत नाही, ताकदच तुटते. सपाट रस्त्यावर ६०-७० च्या वेगात गाडी बारीक थरथरत असेल, तर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला निसटता स्पर्श करायचा, अर्थातच मागे वाहन नसताना. कन्व्हर्टरला थेट जोडून ठेवणारा लॉक-अप क्लच सुटतो, काटा थोडा वर जातो. त्याच क्षणी थरथर थांबली, तर दोष कन्व्हर्टरच्या लॉक-अपमध्ये असण्याची शक्यता मोठी.

कन्व्हर्टर हाच तर अनेक बांधण्यांमधला कच्चा दुवा. जुन्या क्लचचा भुगा त्यात आणि कूलरच्या बारीक नळ्यांत साठलेला असतो. बॉक्स धुऊनपुसून नवा केला, पण कन्व्हर्टर तोच ठेवला आणि कूलर फ्लश केला नाही, तर पहिल्याच घाटात तो भुगा नव्या वॉल्व्ह बॉडीत जातो. म्हणून बॉक्स ताब्यात घेताना मालकाने लेखी मागावं: कन्व्हर्टर बदलला की खोलून दुरुस्त केला, कूलर कसा साफ केला, तेल कुठल्या नावाचं आणि किती भरलं, जुन्या नोंदी पुसल्या का. चांगला कारागीर हे सांगायला कचरत नाही.

आणि हजारेक किलोमीटर झाल्यावर एकदा पॅन उघडून घ्यावं. आतल्या चुंबकांवर करडी, बोटाला लोण्यासारखी लागणारी बारीक भुकटी असेल तर नव्या प्लेटा बसताना ती येतेच. चमकणारे पत्र्याचे कण किंवा काळे, अस्तराचे तुकडे दिसले, तर मात्र घाट चढायच्या आधी बॉक्स उतरवायचा.